ग्रेसी टीचरचं 'पर्यंत'

पुण्यातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवडाभर धक्के देत होती. परवा तिच्या दारावर इंग्रजी नोटीस लागली, 'लिफ्ट विल बी ओके टिल सॅटर्डे.' शनिवारपर्यंत दुरुस्त होणार म्हणायची, असं म्हणत लोक निवांत आत शिरले. मी मात्र दारातच थांबले. लिफ्ट शनिवारपर्यंतच ठीक राहील, पुढचं सांगता येत नाही, असा त्या वाक्याचा खरा अर्थ. मी जिन्याने पाच मजले चढले. एका 'टिल'ला इतकं घाबरणारं दुसरं कोण असेल, असा विचार करत दम खाल्ला आणि उत्तर लगेच मिळालं. वसईला, नंदाखालच्या वाडीत, ग्रेसी टीचर. ही भीती मला त्यांनीच लावून दिली.

त्यांची माझी ओळखही नोटिशीमुळेच झाली. तेव्हा आम्ही वसईतल्या एव्हरशाईन सिटीत राहत होतो आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून मी सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. सोसायटीत चार प्रांतांची माणसं, त्यामुळे नोटिसा इंग्रजीत लिहायची रीत होती. एकदा पाण्याची लाइन फुटली. टँकर पाचपर्यंत येईल असा निरोप आला आणि मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, 'टँकर विल कम टिल फाइव्ह.' बी विंगमधल्या आजोबांना त्यांच्या नातीने त्याचा अर्थ अगदी बरोबर सांगितला, की पाच वाजेपर्यंत टँकर येतच राहणार. आजोबा सकाळपासून तीन बादल्या घेऊन गेटवर बसले. टँकर आला साडेचारला, एकदाच. तोवर आजोबांना चक्कर आली होती.

मीटिंगमध्ये माझी जी शोभा व्हायची ती झाली. शेवटी कमिटीतले एक वटार गावचे गृहस्थ हळूच म्हणाले, "वहिनी, शनिवारी आमच्या नंदाखालच्या ग्रेसी टीचरकडे जाऊन या. त्या इन, ऑन, बाय, टिल एवढंच शिकवतात."

एवढंच शिकवणारा क्लास असतो हे मला खरं वाटेना. तरी गेले. चिंचोळ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी आणि नारळ, मग एक बावखल, म्हणजे वाडीचं शेवाळलेलं तळं, आणि त्याला लागून कौलारू घर. ओट्यावर सात-आठ मोठी माणसं शाळेच्या पोरांसारखी मांडी घालून बसली होती. त्यांच्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर, आता उठावं लागेल अशा बेताने, एक बारीकशी बाई बसली होती. मांडीवर काळी पर्स होती आणि पर्सच्या पट्ट्याला हाताचा विळखा. त्या घरातल्या घरातही पर्स सोडत नसत. पाणी आणायला उठल्या तरी पर्स काखेत. आत काय आहे विचारलं तर म्हणत, काही नाही, पण हरवली तर?

आयुष्यभर एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या काळजीला अंत नव्हता. क्लास सुरू असताना तीनदा आत जाऊन गॅस बंद आहे ना ते बघत. कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की रस्त्यात काय झालं असेल याच्या चार शक्यता आम्हाला ऐकवत, त्यातल्या तीन शक्यतांत रुग्णवाहिका असे. पण सगळ्यात मोठी काळजी छोट्या शब्दांची. त्या म्हणत, "मोठा शब्द चुकला तर लोक हसतात. छोटा चुकला तर कुणी हसत नाही. कुणाला कळतच नाही. म्हणून तो जास्त वाईट."

वाडीतली अळूची, चाफ्याची जुडी केळीच्या वाळलेल्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधतात. टीचर पहिल्या दिवशी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यापुढे अशी एक जुडी ठेवत आणि तिचा सोप तोडत. पानं ओट्यावर पसरत. बाजारात सोप कुणी विकत मागत नाही, त्याला कुणी भाव विचारत नाही, पण तो नसला तर पिशवीत जुडी नाही, कचरा घरी जातो. इंग्रजीतले हे छोटे शब्द म्हणजे सोप. मग त्या आमच्याकडून ती जुडी पुन्हा बांधून घेत आणि सगळ्यांची गाठ सैल आहे म्हणून स्वतः पुन्हा बांधत.

आमच्या चुकांवर त्यांची थट्टा मात्र मजेशीर असे. एका बाईंनी 'आय मॅरीड विथ माय हजबंड' म्हटलं, तेव्हा टीचरनी गंभीरपणे विचारलं, नवऱ्याबरोबर कुणाच्या लग्नाला गेला होतात? कुणी 'ही इज अँग्री ऑन मी' म्हटलं की म्हणत, उतरवा त्याला आधी, जड होत असेल. मी 'वी डिस्कस्ड अबाउट वॉटर' लिहिलं, त्यावर त्या म्हणाल्या, सेक्रेटरीबाई, एका जुडीला दोन सोप कशाला? हसू ओसरलं की लगेच त्यांचा चेहरा पुन्हा कसनुसा होई. आपल्या मराठीत हा छोटा शब्द नामाच्या पाठीला चिकटलेला असतो, घरात, घरावर, घरापर्यंत. इंग्रजीत त्याला एकट्याने पुढे चालावं लागतं. एकटा चालणारा चुकतोच, असं त्या म्हणत आणि खरंच एखादं पोर रस्त्यावर सोडल्यासारख्या फळ्याकडे बघत राहत.

क्लासच्या मध्येच वाडीतून हाक येई, "बाय, पाणी सोडू का?" हे त्यांचे थोरले भाऊ, इनासदादा. तिकडच्या जुन्या घरांत लहान बहिणीला, मुलीला बाय म्हणतात. ही बाय सत्तरीला टेकली होती, पण हाक आली की लहान मुलीसारखी पटकन उठे. दोघांचंही लग्न झालं नव्हतं. इनासदादा उंच, कमी बोलणारे, कमरेला कोयता. तरुणपणी ते फिटरचं काम शिकले होते, पण आयुष्य गेलं केळीत. दुपारी ते ओट्याच्या टोकाला बसून सोप फाडत आणि आमचं इंग्रजी ऐकत. त्यातलं किती कळे, देव जाणे.

टीचरची एक गोष्ट मात्र गावाला खटके. त्या शिकवत सगळ्यांना, पण कुणाला एक ओळ लिहून देत नसत. अर्ज असो, पत्र असो, नातवाच्या शाळेचा फॉर्म असो. माणूस कागद घेऊन आला की त्या दोन्ही हात पर्सवर घट्ट दाबून धरत आणि म्हणत, "शिकवीन. लिहून देणार नाही." लोक याला शिष्टपणा म्हणत. मीही म्हटलं होतं, मनातल्या मनात.

मग आमच्यात रूपाली आली. अर्नाळ्याची, कोळ्यांची मुलगी. वसईतल्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला परदेशातल्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. तुम्ही कधीपर्यंत रुजू व्हाल, असं त्यांनी मेलमध्ये विचारलं होतं. पहिल्या दिवशी तिची आई बरोबर आली होती, टोपलीत बोंबील घेऊन. टीचरना म्हणाली, "आमच्या घरात इंग्रजी येनारं कोन नाय. तुमीच लिवून द्या." टीचरनी नेहमीचं उत्तर दिलं. आई बोंबील ठेवून गेली, पण तोंड उतरलं होतं. मग टीचरनी रूपालीला उत्तर आधी फळ्यावर लिहायला सांगितलं. तिने सुंदर अक्षरात लिहिलं, 'आय कॅन जॉइन टिल एंड ऑफ जून.'

मला वाटलं आता टीचर काहीतरी गमतीचं बोलतील. त्या मात्र फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. मग त्यांनी ते वाक्य हाताने, डस्टर न घेता, पुसलं आणि आज क्लास संपला म्हणाल्या. इनासदादांनी टोकावरून विचारलं, "बाय, बरं नाय काय?" त्या म्हणाल्या, ऊन लागलं.

सगळे गेले. माझी स्कूटी सुरू होईना म्हणून मी मागे राहिले होते. टीचर बावखलाच्या काठापर्यंत आल्या आणि तिथे, दादांच्या कानाआड, त्यांनी मला सांगितलं. बहुधा मी परकी होते म्हणूनच सांगितलं असेल.

इनासदादांना तरुणपणी आखातातल्या एका कंपनीत फिटरची नोकरी मिळत होती. कधीपर्यंत येऊ शकता, असं कंपनीने विचारलं. दादा म्हणाले, ईस्टरपर्यंत. घरात कॉलेजात जाणारी एकच, ही धाकटी बहीण. तिने नवीन पेनाने उत्तर लिहिलं, 'आय कॅन जॉइन टिल ईस्टर.' सगळ्या घराला वाचून दाखवलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं, क्षमस्व, जागा भरली. दादा कोयता घेऊन वाडीत गेले. त्याच कंपनीत गावातला दुसरा एकजण गेला. समोर दिसतं ते दुमजली घर त्याचं. त्या वर्षी दादांना आलेली स्थळंही मग फिरकली नाहीत.

"मला तेव्हा कळलंच नाही," टीचर म्हणाल्या. पुढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, एकात बाय, एकात टिल. आपल्याकडे दोन्हींना एकच पर्यंत. बाय म्हणजे त्या दिवसाच्या आत केव्हाही. टिल म्हणजे त्या दिवसापर्यंतच, नंतर नाही. दादा ईस्टरच्या आत येतो म्हणाला होता. तिने लिहिलं होतं, ईस्टर झाला की तो निघून जाईल. दोन महिन्यांसाठी आखातात माणूस कोण नेईल? त्या डोकं दुखतं सांगून वर्गातून उठल्या. तेव्हापासून कुणाला एक ओळ लिहून दिली नाही. आणि दादांना सांगितलं नाही.

मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता कशाला सांगता? कुणाला ठाऊक, ते कारण नसेलही. त्या म्हणाल्या, तेच तर, नसेलही. असेलही. मग म्हणाल्या, "गुरुवारी दादाचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याच्या आत सांगायला पाहिजे. आजवर मी नुसती टिलमध्ये बसले, सेक्रेटरीबाई. आज नको, उद्यापर्यंत थांबू, नाताळपर्यंत थांबू." मला दादांच्या आजाराची गंधवार्ता नव्हती. मी स्कूटीला लाथा मारत राहिले.

मंगळवारी त्यांचा फोन आला. सांगितलं, म्हणाल्या. ओट्यावर दादा चाफ्याच्या जुड्या बांधत होते. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मग एकच विचारलं, खरा शब्द काय होता? "मी म्हटलं, बाय," टीचर म्हणाल्या. "तोच शब्द, बघा. आयुष्यभर मला हाक मारतो तोच. तेवढाच लिहायचा होता." दादांनी हातातली जुडी बांधून पुरी केली आणि वाडीत गेले. संध्याकाळी परत आले, जेवले. ताटावरून उठताना म्हणाले, "टीचर, भात उरलाय." गावातले सगळे त्यांना टीचर म्हणत. दादांनी कधी म्हटलं नव्हतं.

बुधवारीही टीचरच, असं त्यांनी पुन्हा फोन करून सांगितलं. हॉस्पिटलात जाताना रिक्षात, टीचर, पर्स घेतली का? आवाजात राग नव्हता, त्या म्हणाल्या, राग असता तर बरं. मी म्हटलं ऑपरेशनची धास्ती असेल. त्या म्हणाल्या, हाक न मारताच गेला तर?

गुरुवारी दुपारी मी पेज घेऊन हॉस्पिटलात गेले. रूपालीचंच हॉस्पिटल. टीचर बाकाच्या कडेवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर. चारच्या सुमाराला सर्जन बाहेर आले. तरुण, मराठी, घाईतले. कुणीतरी ह्या इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून सांगितलेलं असणार, कारण ते मुद्दाम इंग्रजीत म्हणाले, "डोन्ट वरी टीचर, ही विल बी फाइन टिल संडे." आणि गेले.

टीचर बाकावर बसल्या त्या बसल्याच. त्यांचा चेहरा बघून मला सगळं कळलं. रविवारपर्यंत बरा राहील. मग? मी त्यांचा हात धरून सांगितलं, अहो, डॉक्टर आपल्यातलेच. रविवारपर्यंत बरे होतील असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीत विचार केला आणि इंग्रजीत बोलले, बस.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठाऊक आहे. मीही तेव्हा मराठीतच विचार केला होता."

डॉक्टरांना विचारू या म्हटलं तर त्यांनी माझा पदर धरला. विचारलं आणि ते म्हणाले टिल म्हणजे टिलच, तर? संध्याकाळी रूपाली ड्युटीवर आली. तिने ऐकलं आणि आमचं न ऐकता सरळ आत जाऊन विचारून आली. हसत म्हणाली, "टीचर, मराठीत विचारलं. रविवारपर्यंत बरे होतील म्हनाले." टीचरनी तिचं मनगट पकडलं. होतील म्हणाले की राहतील? रूपाली गोंधळली. होतील... होतीलच म्हणाले असतील. म्हणजे तसंच काहीतरी. टीचरनी तिचा हात सोडला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मराठीतही माणूस एका शब्दावर लटकू शकतो.

शुक्रवार गेला. शनिवारी क्लासचा दिवस, तर क्लासमधले चौघं हॉस्पिटलातच येऊन बसले. रूपालीच्या मेलला उत्तर द्यायची मुदत सोमवारी संपत होती, पण तो विषय ती टीचरसमोर काढेना. टीचरनीच मेल बघायला मागितला. पर्समधून पेन काढलं. पर्समध्ये काय असतं ते त्या दिवशी आम्हाला दिसलं, एक पेन, रोझरीची माळ आणि चष्मा. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं, 'आय कॅन जॉइन बाय द एंड ऑफ जून.' लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद चार वेळा वाचला, मग माझ्याकडे दिला, मग रूपालीकडे, मग पुन्हा स्वतः वाचला. रूपालीने तिथेच बाकावर बसून मोबाइलवरून मेल पाठवला.

रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा करून टीचर आल्या. मीही गेले होते, कारण मलाही घरी राहवेना. पुढच्याच आठवड्यात आमचं पुण्याला बिऱ्हाड हलणार होतं, घरात खोकी पडली होती, पण मन हॉस्पिटलात. आम्ही दोघी बाकावर बसलो. दार उघडलं की त्या ताठ होत, बंद झालं की पुन्हा कडेवर येत. अकराला सर्जन आत गेले. साडेअकरा झाले. टीचरची बोटं पर्सच्या पट्ट्यावर मणी मोजल्यासारखी सरकत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून पुण्याच्या घराबद्दल बोलत होते. त्या हो हो म्हणत होत्या.

दार उघडून रूपाली डोकावली. तोंडावर मास्क, त्यामुळे हसते की काय ते कळेना. तिने दार तसंच धरून ठेवलं. नळ्या काढून दादांना उठवून बसवलं होतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त आतून आवाज आला, बसलेला, चिरका, पण चांगला मोठा.

"बाय, पेज हाय काय?"

टीचर उठल्या. एकदम, लहान मुलीसारख्या. मी पेजेचा डबा पुढे केला तो त्यांनी घेतला आणि आत धावल्या. दाराशी त्यांची एक चप्पल निघाली, ती तशीच राहिली. दार मिटताना मला त्यांची पाठ दिसली आणि खाली वाकलेलं डोकं. माझ्या मनात राहिलेल्या टीचर त्याच, बिऱ्हाड हलल्यावर माझं वसईला जाणं झालं नाही.

बाकावर त्यांची पर्स पडली होती. मी ती उचलून मांडीवर घेतली, पट्ट्याला हाताचा विळखा घातला आणि त्या बाहेर येईपर्यंत धरून बसले.